नागोरावांचं पेव

वडझरीत मी पहिल्यांदा जेवलो ते थोडंसं नाइलाजाने. बाजारहत्नूरहून आत अकरा किलोमीटर, त्यातले शेवटचे तीन बैलगाडीच्या वाटेचे. बत्तीस घरांची वस्ती, बहुतेक घरं आपल्याच म्हणजे बौद्ध समाजाची. एका खाजगी संस्थेतर्फे मी तिथे पाझर तलावाची जागा मोजायला गेलो होतो. आमच्या आदिलाबादच्या कचेरीत त्याला तेलुगूत ऊटकुंटा म्हणतात. सिव्हिलची पदवी हातात पडून सात महिने झाले होते आणि माझी सही असलेला हा पहिलाच नकाशा होणार होता, त्यामुळे सकाळपासून मी ओढ्याच्या काठाने पळतच होतो.

दुपारी एक म्हातारा माझ्याकडे चालत आला. बुटका, रुंद खांद्यांचा, एका डोळ्यात फूल पडलेलं.

"सायेब, जेवले का?"

"डबा आहे."

"कुठचा?"

"आदिलाबादचा. आईने दिलाय."

"आडनाव काय तुमचं?"

मी आडनाव सांगितलं. त्याने लगेच हात जोडून जय भीम केला आणि त्या क्षणापासून मी सायेबाचा बाबू झालो. "आईचा डबा संध्याकाळी खा, बाबू. आता घरी चाल."

हे नागोराव. मी त्यांना मामा म्हणू लागलो. त्यांच्या घरी मनकर्णामामी चुलीपुढे बसल्या होत्या. ताटात ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, वर कच्च्या तेलाची धार. मी पहिला घास तोंडाजवळ नेला आणि थांबलो. भाकरीला आंबूस वास होता. पीठ खराब झालंय असं मला वाटलं, पण बोलावं कसं?

मामी खुदकन हसल्या. "पेवाची हाय रे, बाबू. तसाच वास राह्यते तिले. खा, काई होत नाई."

दुसऱ्या घासाला वास कळला नाही. तिसऱ्याला तोच आवडला. मामा ताटातल्या एकेका जिनसेचा पत्ता सांगत होते. तेल करडीचं, करडी ज्वारीच्या वावराभोवती काट्याच्या कुंपणासारखी पेरलेली, गाळलेली बाजारहत्नूरच्या घाण्यावर. अंबाडी बांधावरची, तिच्याच वाखाचा दोर समोर खुंटीला. जवस उताराकडच्या पट्टीतलं. मिरची मामींच्या परसातली. मी जेवता जेवता डाव्या हाताने वहीत लिहून घेत होतो.

दारातून एक म्हातारी ओरडली, "नागो, मिठाचं सांग ना पाहुन्याले! मीठ कोनत्या वावरात पिकते तुह्या?"

"ये वच्छलाबाई, बस."

"बसत नाई. अन् चहापत्तीचं झाड कुठी हाय, तेई दाखव त्याले."

मामा हसले. मीठ, चहा, साखर आणि कापड एवढंच बाहेरून यायचं, हे त्यांनी कबूल केलं. धान्य मात्र या घरात चाळीस वर्षांत विकत आलं नव्हतं. वच्छलाबाई शेजारीण, मामांपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, एकटी. तिला दीड एकर होतं. तिच्या घरात उंदीर फार, म्हणून तिची दोन पोती ज्वारी दरवर्षी मामांच्या पेवातच राहायची. नागोच्या पेवात आपली ज्वारी त्याच्या ज्वारीला शिकवते, असं ती म्हणायची.

जेवण झाल्यावर मामा मला घरामागे घेऊन गेले. तिथे जमिनीत एक गोल फरशी होती, कडेने मातीने लिंपलेली. मी तिच्यावर बसायला गेलो तर त्यांनी बसू दिलं आणि मग म्हणाले, "याच्या खाली दोन पुरुष खोल हाय."

पेव म्हणजे जमिनीतलं कोठार. तोंड माणूस कसाबसा उतरेल एवढं, खाली पोट रुंद, मोठ्या रांजणासारखं. ते काळ्या मातीत चालत नाही, काळी माती पाणी धरते. गावठाणाची पांढरी, टणक माती लागते. खणून झालं की आत जाळ करून भिंती भाजायच्या, तळाला तुराट्या आणि कडबा अंथरायचा, मग ज्वारी ओतायची, वर पुन्हा कडबा, माती, फरशी. फाल्गुनात भरलेलं पेव मिरुग लागल्यापासून दसऱ्यापर्यंत कोणी उघडायचं नाही, फरशीला हातही लावायचा नाही. पावसाची ओल आत गेली की संपलं. भिंतीलगतची थोडी ज्वारी काळी पडते, ती जनावरांना. मधली पाच-पाच वर्षं टिकते.

हे सगळं मामांनी मला तिथे उभं राहून सांगितलं. त्यांच्या वडिलांची गोष्टही तिथेच सांगितली.

वडील भिवाजी. देशमुखांकडे सालगडी. देशमुखांच्या गढीमागे सात पेवं होती. धान्य देशमुखांचं, पेव देशमुखांचं, आत उतरायचं मात्र आपल्या माणसाने, कारण बंद पेवात विषारी हवा साठते आणि ती माणसाला मारते, हे सगळ्यांना माहीत होतं. रीत अशी की फरशी काढायची, एक दिवस जाऊ द्यायचा, मग दोराला दिवा बांधून आत सोडायचा. दिवा जळत राहिला तर उतरायचं. विझला तर थांबायचं.

"त्या साली देशमुखाच्या पोरीचं लगन होतं," मामा म्हणाले. "वऱ्हाड आलतं. आचारी बोंबलत होता. दिवा इझला. बाप म्हने, थांबाव लागते. कारभारी म्हने, हवेनं इझला, उतर. बाप उतरला. दोराचं टोक माह्या हातात होतं. नऊ वर्साचा होतो मी. दोर एकडाव हालला. मंग नाई हालला."

मी फरशीवरून उठून उभा राहिलो.

"आकडा टाकून काढलं वर."

"आणि ज्वारी?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"ज्वारीले काय झालं, बाबू? ज्वारी लग्नात लागली."

अठराव्या वर्षी नागोराव स्वतः पेवं उघडू लागले. नार्नूरपासून इकडे बाजारहत्नूरपर्यंत गावोगावचे मालक त्यांना बोलवायचे. त्यांनी उघडलेल्या पेवात एकही माणूस मेला नाही. दिवा विझला की ते पेवाच्या तोंडाशी बसून बिडी पेटवायचे आणि उठायचे नाहीत. मालक शिव्या देई, कारभारी काठी आपटे, हे बसलेले. पुढे सरकारचा चार एकरांचा पट्टा मिळाला, तेव्हा त्यांनी आणि मामींनी तीन महिने खपून स्वतःचं पेव खणलं. मामा खाली कुदळ मारायचे, मामी वरून टोपली ओढायच्या. पहिल्या साली ते भरलं तेव्हा अख्खी वस्ती पाहायला आली होती. आपल्या माणसाचं पेव ही गोष्ट या मुलखात तोवर कोणी पाहिलेली नव्हती. तेव्हापासून दर दसऱ्याला, विहारात वंदना झाली की नागोरावांच्या पेवातल्या ज्वारीचं जेवण साऱ्या वस्तीला. कोणी सांगितलं म्हणून नाही. त्यांनाच तसं पाहिजे होतं.

निघताना त्यांनी विचारलं, "तलाव झाला तं पानी किती वर येईन, बाबू?"

"विहिरीत दीड-दोन मीटर तरी चढेल, मामा. सुरजच्या विहिरीला रब्बीतही पाणी राहील." सुरज त्यांचा पुतण्या. त्याची विहीर दर जानेवारीत कोरडी पडायची, त्याच्या दोन लहान मुली हातपंपावर रांगेत उभ्या राहायच्या.

"लय चांगलं काम हाय तुमचं," मामा म्हणाले.

त्या संध्याकाळी मी नकाशा पुरा केला. फॉर्ममध्ये रकाने होते: घरं, विहिरी, हातपंप, मोठी झाडं, विहार, देवळं, दफनभूमी. पेवाचा रकाना नव्हता. त्या फरशीवर मी बसलो होतो, त्यातल्या ज्वारीच्या दोन भाकरी माझ्या पोटात होत्या, आणि नकाशात त्या जागी मी काहीही काढलं नाही. मला सुचलंच नाही. मामांनाही नाही. त्यांच्यासाठी ओल म्हणजे वरून येणारी, आभाळाची. चाळीस वर्षं त्यांनी पेवाचं तोंड राखलं होतं. तळाकडून कधी काही आलं नव्हतं.

मे महिन्यात तलावाचा बांध पुरा झाला. श्रावणात तो काठोकाठ भरला. सुरजने मला व्हिडिओ पाठवला: विहिरीच्या मधल्या पायरीपर्यंत पाणी, आणि पोरी पायरीवर बसून पाय बुडवताहेत. मी तो व्हिडिओ कचेरीत सगळ्यांना दाखवला. बाबांनाही. ते शिक्षक आहेत, फार बोलत नाहीत. त्यांनी तो दोनदा पाहिला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी वडझरीला गेलो. मला पेव उघडताना पाहायचं होतं. मामांनी सकाळी नऊला कडेची माती खरवडली, सुरजने आणि त्यांनी मिळून फरशी सरकवली.

वास आला. आंबूस वास माझ्या ओळखीचा होता. हा तो नव्हता. ताडीच्या मडक्यात कुजलेलं काहीतरी घालावं तसा. मामा वाकून बघत राहिले.

"मोठेबाबा, यंदा वास जास्त हाय का?" सुरजने विचारलं.

"पाऊस जास्त झाला. हवा लागू दे."

मामी मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "भादव्यात कोंबड्या याच फरशीवर बसून राहात होत्या. मी म्हनलं, ओल्यात काऊन बसतात बाई ह्या."

मामांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. "मंग सांगतलं काऊन नाई?"

"कोंबड्या कुठी बसल्या हे तुमाले सांगत बसू?"

दुपारी दिवा सोडला. तो पेवाच्या गळ्यापाशी पोचला आणि विझला. मामांनी दोर गुंडाळला, भिंतीला टेकून बसले आणि बिडी पेटवली. वच्छलाबाई येऊन गेली. "काय रे नागो, माही ज्वारी देतं का गिळली तुह्या भोकानं?"

"सकाळी देतो."

"सकाळी शंभर मानूस जेवाले येईन. त्याइले दिवा खाऊ घालशील काय?"

मामा हसले नाहीत हे तिच्याही लक्षात आलं असावं, कारण ती लगेच गेली.

दसऱ्याच्या सकाळी पुन्हा दिवा सोडला. या वेळी तो गळ्यापर्यंतही पोचला नाही, तोंडापासून दीड हातावरच विझला. रात्रभर उघडं राहूनही हवा उतरली नव्हती, उलट वर चढली होती. मामांनी काडी ओढून पुन्हा दिवा लावला, पुन्हा सोडला. पुन्हा विझला. पन्नास वर्षांत त्यांनी असं पेव पाहिलं नव्हतं. एक दिवस, फार तर दोन, की हवा निवायचीच.

सुरजने एका लांब बांबूला डबा बांधला आणि आत खुपसून वर ओढला. मामांनी डब्यात हात घातला आणि झटकन काढला. ज्वारी गरम होती; भादव्यात कोंबड्या या उबेला बसत होत्या. नुसती कोमट नाही, चुलीवरून उतरवलेल्या घुगऱ्यांसारखी. दाणे काळे, चिकट, आणि कित्येकांना पांढरे मोड आले होते.

विहारातून वंदनेचा आवाज येत होता. आम्ही चौघं त्या डब्याभोवती उभे होतो.

"पानी शिरलं," सुरज म्हणाला. "पन तोंड तं कोरडं हाय. पानी आलं कुठून?" आणि बोलता बोलता त्याने माझ्याकडे पाहिलं.

मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी पिशवीतून टेप काढला आणि सुरजच्या विहिरीकडे गेलो. मोजेपर्यंत ते खोटं असू शकलं असतं. विहीर पेवापासून साठ पावलांवर. पाणी जमिनीपासून तीन मीटर दहा सेंटिमीटरवर होतं. इतर सालांत दसऱ्याला ते सातावर असायचं. मी दीड-दोन मीटर सांगितलं होतं, चढलं होतं चार. पेवाचा तळ मामांच्या दोरावरच्या जुन्या गाठीवरून मोजला. साडेतीन मीटरच्या थोडा खाली. श्रावणात, तलाव भरलेला असताना, पाणी याहूनही वर असणार. पेवाच्या तळात ते तेव्हापासून मुक्कामाला होतं आणि अजून होतं.

परत येऊन मी मामांना सांगितलं. हात जोडूनच सांगितलं. "मामा, हे तलावाचं पाणी आहे. जमिनीखालून आलं. मला आधी कळायला पाहिजे होतं."

त्यांनी डब्यातले दाणे बोटाने चाळून पाहिले. मग म्हणाले, "तळची गेली असन. भिंतीची गेली असन. मधातली ज्वारी कोरडी राहू शकते. तीस पोते हाय त्यात. दहा तरी निंघन." आणि त्यांनी खुंटीवरचा दोर काढून कमरेला बांधायला घेतला.

"दिवा विझतोय, मामा."

"मी पाहून राह्यलो ना."

"थांबू या."

"किती थांबू? लोक वंदना करून येऊन राह्यले."

मी जे शिकलो ते तोंडाने सांगायची वेळ माझ्यावर अशी येईल असं वाटलं नव्हतं. मी म्हणालो, "थांबूनही उपयोग नाही. नेहमीच्या पेवात हवा एकदाच साठलेली असते, ती निघून जाते. इथे ज्वारी सडतेय. सडतेय तोवर ती हवा तयार करत राहणार. आज, उद्या, महिनाभर. जेवढी जाईल तेवढी नवी होईल."

ते गाठ मारतच होते. बोटं नीट, सवयीने चालत होती. तेव्हा मामी पुढे झाल्या. त्यांनी दोराचं दुसरं टोक उचललं आणि सुरजच्या हातात दिलं.

"धर रे. तू धर. नऊ वर्साच्या पोराच्या हातात दिलता तुह्या आज्याचा दोर. तू तं मोठा हाय. तू धर, मी पाहाले थांबते."

सुरजने दोर खाली टाकला, जणू तो भाजला. "मी नाई धरत, मोठेबाबा."

मामा उभे राहिले. वंदना संपली होती. विहाराकडून लोक येताना दिसू लागले, पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, पुढे पोरं. वच्छलाबाई सगळ्यांच्या पुढे काठी टेकत आली, तिने डबा पाहिला, वाकून मूठभर ज्वारी घेतली, नाकाशी नेली, आणि खाली टाकून पदराला हात पुसला.

"गेली?" तिने विचारलं.

"गेली, बाई. तुहीबी."

"माही दोन पोते कायची मोजतं? उतरू नको. मी मेली तं खांदा द्याले कोन हाय मले? तू एकटाच तं हाय." मग वळून लोकांना म्हणाली, "चाला, घरी चाला. ज्याच्या घरी जे असन ते आना. आज उलटं जेवन हाय. नागोच्या घरी आपन घेऊन जाचं."

मामांनी गाठ सोडली. त्यांना ती सोडायला बांधण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

घराघरातून पीठ आलं. ज्वारीचं थोडंच निघालं. आठ-दहा घरांतच ज्वारी उरली होती, बाकीच्यांनी कधीची कपाशी धरलेली. पिठं एकत्र केली तरी शंभर माणसांना भाकरी पुरणार नव्हत्या. मग राशनचा तांदूळ आला, डब्याडब्यांनी, आणि मोठ्या गंजात भात शिजला. मामी आणि बाकी बायकांनी तुरीचं वरण केलं, अंबाडी केली. मामा वाढत होते. प्रत्येकाच्या पानावर वाकून भात घालत होते आणि कोणाच्याही तोंडाकडे पाहत नव्हते. लोक चांगले होते. नेहमीपेक्षा जास्त जेवले. एक बाई नुसती "वरन झकास झालं" म्हणत राहिली, तीन-चार वेळा. सुरजच्या धाकट्या मुलीने मात्र विचारलं, "आबा, भाकर काऊन नाई यंदा?" आणि तिच्या आईने तिच्या पाठीत धपाटा घातला. ती रडायला लागली. मामांनी तिला उचललं, कडेवर घेऊनच पुढचा भात वाढला.

मीही जेवलो. त्या पंगतीत पान टाकून उठणं मला जमलं नसतं.

दुपारी मामांनी पेव बुजवायला काढलं. उघडं ठेवणं धोक्याचं होतं. पोरं, कोंबड्या, कोणीही. वस्तीतली दहा-बारा माणसं फावडी घेऊन आली. मामा म्हणाले, "कोनी वाकून पाहू नका. लांबूनच टाका." पहिली पाटी त्यांनी टाकली. आतून फसकन आवाज आला आणि तो वास पुन्हा सगळ्यांच्या अंगावर. ज्यांनी ते खणताना पाहिलं होतं अशी दोन-तीनच माणसं आता जिवंत होती. मामी आत घरात भांडी घासत होत्या. मला वाटलं त्या बाहेर येतील. आल्या नाहीत.

अर्धं पेव भरल्यावर मामा माझ्याजवळ येऊन बसले. घामाने सदरा चिकटला होता.

"हे तू कचेरीत लिहशील काय?"

"लिहावं लागेल, मामा. माझी चूक आहे. नुकसानभरपाईचाही अर्ज करता येईल."

"लिहलं तं ते तलाव फोडतील काय?"

"फोडणार नाहीत. पण चौकशी होईल. कदाचित सांडवा खाली घेतील, पाणी कमी साठवतील."

"मंग नको लिहू."

"मामा..."

"सुरजच्या पोरीले पाहालं ना तू? हिरीवर पाय बुडवून बसते ते. मागच्या साली हातपंपावर भांडनात तिचं डोकं फुटलं होतं." ते थांबले. "बत्तीस घराइले पानी आलं. एका घराचं पेव गेलं. कोनालेबी इच्यार, तो काय सांगन ते मले मालूम हाय. मी बी तेच सांगतलं असतं."

त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी निघालो नाही. जमिनीची उंची मोजायच्या लेव्हलची पेटी गाडीत होतीच. मी मामांना म्हणालो, वस्तीत दुसरी जागा शोधू, पांढरी माती आणि पाण्यापासून पुरेशी वर. सकाळपासून आम्ही वस्तीभर फिरलो. मी आकडे घेत होतो, मामा मोजपट्टी धरून जिथे सांगेन तिथे उभे राहत होते, अगदी सरळ, हलत नव्हते. विहारामागे, शाळेजवळ, वच्छलाबाईच्या परसात, वरच्या आंब्याखाली. विहिरींतलं पाणी आणि जमिनीची उंची मी वहीत मांडत गेलो. वस्ती ओढ्याकडे उतरती आहे. सगळ्यात वरची जागा जिथे निघाली, तिथे माती काळी होती. पांढरी जिथे होती, तिथे श्रावणात पाणी अडीच-तीन मीटरवर येणार होतं. दुपारी दोनपर्यंत मी तीनदा हिशेब पुन्हा केला.

"नाही, मामा," मी म्हणालो. "कुठेच नाही."

"बरं," ते म्हणाले. मोजपट्टीला लागलेली माती त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसली आणि ती माझ्याकडे दिली.

मी पत्र्याच्या कोठीचं सांगितलं. आदिलाबादेत मिळतात, मी आणून देतो. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. कोठीतली ज्वारी दुसऱ्या उन्हाळ्यात किडते, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी कोठी पाठवली. मामींनी त्यात गोधड्या ठेवल्या, असं नंतर कळलं.

कचेरीत मी पेवाबद्दल लिहिलं नाही. तलावाच्या अहवालात वडझरी चांगल्या उदाहरणांत गेली. त्यात सुरजच्या विहिरीचा फोटो आहे. फॉर्ममध्ये मात्र मी आता पेनाने एक रकाना वाढवतो आणि प्रत्येक गावात म्हाताऱ्या माणसांना विचारतो की जमिनीखाली काही ठेवलंय का. बहुतेक लोक मी चोरीचं काही शोधतोय असं समजून नाही म्हणतात.

त्या रब्बीला मामांनी ज्वारी पेरली नाही. पिकली तर ठेवायची कुठे? सुरजने त्याच्या विहिरीचं पाणी पाइपाने त्यांच्या चार एकरांत दिलं आणि हरभरा पेरून दिला. ज्वारीच नव्हती, म्हणून भोवतालची करडीही यंदा कोणी पेरली नाही.

मार्चमध्ये मी सुरजला फोन केला. मोटारीचा आवाज येत होता, तो ओरडून बोलत होता. हरभरा एक नंबर झाला म्हणाला. चार एकरांत इतका माल त्यांच्या घराने कधी पाहिला नव्हता, कालच व्यापाऱ्याची गाडी भरून गेली.

"मामांना दे ना फोन," मी म्हणालो.

"ते नाई घरी."

"वावरात आहेत?"

"नाई, बाबू," सुरज म्हणाला. मोटार बंद झाली, तसा त्याचा आवाज एकदम जवळ आला. "बाजारहत्नूरले गेले, पोतं घेऊन. ज्वारी आनाले."